अम्मीची तारीख कोण लिहिणार?

आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर दोन कॅलेंडर आहेत. एक कालनिर्णय, किराणा दुकानातून दरवर्षी आणलेलं. दुसरं मदरशाचं उर्दू कॅलेंडर, चंदा दिल्यावर मिळालेलं. कालनिर्णयच्या चौकोनांत दुधाचा हिशेब, सिलिंडर लावल्याची तारीख, भिशीचा हप्ता आणि भाभीच्या बचत गटाची बैठक असते. उर्दू कॅलेंडरवर दादी चाँद दिसला की काजळाचं बोट लावते. तिला लिहिता-वाचता येत नाही, पण कोणता महिना सुरू आहे हे घरात सगळ्यात आधी तिलाच माहीत असतं.

मार्च २०२५ चं पान मी जपून ठेवलं आहे. त्या पानावर आमचं सगळं घर आहे. धाकट्या भावाची दहावी होती, १७ तारखेला शेवटचा पेपर. २ तारखेला पहिला रोजा, ३१ ला ईद. मध्येच १३ ला होळी, म्हणजे सैलानीची यात्रा. पिंपळगाव सराईच्या वाटेवर आमचं गाव लागतं, त्यामुळे जालन्याचे आणि परभणीचे पाहुणे आमच्याकडे थांबूनच पुढे जातात. अब्बांचे पाच दिवस पाच गावांचे आठवडी बाजार, त्यातून ईदची कपड्यांची खरेदी अंगावर आलेली. एवढं सगळं त्या पानावर आहे. फक्त एक तारीख नाही. अम्मीची.

अम्मीला साखरेचा आजार आहे. पायाच्या बोटाला लहानशी जखम झाली होती. डॉक्टरांनी पुन्हा दाखवायला बोलावलं होतं, तारीख केसपेपरवर लिहून दिली होती. केसपेपर तिने कपाटात, साडीच्या घडीखाली ठेवला. धाकट्याचा पेपर किती वाजता, भाईला सहरीला कधी उठवायचं, पाहुणे कोणत्या गाडीने येणार, अब्बांच्या रक्तदाबाच्या गोळ्या कधी संपणार, हे सगळं तिच्या डोक्यात पक्कं होतं. आजारी माणसाला रोज्यातून सवलत आहे हेही तिला ठाऊक होतं. तिने सवलत घेतली नाही आणि आम्ही कुणी आग्रह धरला नाही. ईद झाली, पाहुणे गेले, तेव्हा ती लंगडायला लागली होती. शेवटी ते बोट काढावं लागलं.

दवाखान्यातून आल्यावर मी चिडून विचारलं, "तारीख लक्षात कशी राहिली नाही?" ती शांतपणे म्हणाली, "तुम सबकी तारीखें मैं याद रखती. मेरी कौन रखता?"

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. खरंच विचारत होती. आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मला वाटतं, हा प्रश्न आपल्या बहुतेक घरांना लागू आहे. घरात कामं वाटून घेण्याविषयी आता थोडं तरी बोललं जातं. पण कामं लक्षात ठेवणं हेही एक काम आहे, याबद्दल आपण बोलत नाही. भाकरी करायला वेळ लागतो हे दिसतं. पीठ परवा संपेल, गिरणी शुक्रवारी बंद असते, म्हणून गुरुवारीच दळण पाठवायला हवं, हा विचार कुणाला दिसत नाही. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या स्त्रिया त्यांवर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात. ती कामं करणाऱ्या पुरुषांचा आकडा ८८ आहे. यात हात चालतात ती मिनिटं मोजली आहेत. पोळ्या लाटताना डोक्यात चाललेली उद्याची आखणी कोणत्या रकान्यात बसणार?

आमच्या भाभीचंच बघा. ती आशा आहे. गावातल्या प्रत्येक बाळाच्या लसीची तारीख तिच्या रजिस्टरमध्ये असते, आणि ती दारोदार जाऊन आठवण करते. पण तिच्या स्वतःच्या मुलीचा एक डोस लांबला, कारण त्या दिवशी तिची बैठक होती आणि घरात दुसऱ्या कुणाला तारीख माहीत नव्हती. भाईला विचारलं तर म्हणाला, "मला सांगायचं होतं ना." हे "सांगायचं होतं ना" आपल्या घरांत फार ऐकू येतं. म्हणजे करायला मी तयार आहे, पण लक्षात तू ठेव, वेळेवर सांग, आणि सांगितलंस की कटकट करते असंही मी म्हणणार.

यावर आम्ही काय केलं ते सांगते. आधी चुकलो, मग थोडं जमलं.

पहिला प्रयत्न मोबाइलचा. धाकट्याने गूगलचा फॅमिली ग्रुप केला, त्यात एक सामायिक कॅलेंडर आपोआप मिळतं. पण त्या ग्रुपमध्ये सहाच माणसं बसतात आणि आम्ही आठ. भाची चार वर्षांची, ती सोडली तरी दादी बाहेर राहिली, आणि चाँदची खबर तर तिच्याकडेच. अम्मीच्या फोनवर सूचना वाजायच्या, ती कुणाचा तरी मेसेज समजून पुसून टाकायची. अब्बा बाजारात फोन गल्ल्यात ठेवतात. महिनाभरात कॅलेंडर वापरणारी तीनच माणसं उरली: मी, धाकटा आणि भाई.

आणि भाईने ते वेगळ्याच कामाला लावलं. मी माझ्या स्पर्धा परीक्षेच्या क्लासची वेळ टाकली होती. तो विचारू लागला, "क्लास पाचला सुटतो, मग सहा का वाजले?" कॅलेंडर माझ्या सोयीसाठी होतं, ते हजेरीपट झालं. मी दोन दिवस गप्प बसले, तिसऱ्या दिवशी माझ्या सगळ्या नोंदी पुसून टाकल्या. त्याला वाटलं, मला काही लपवायचं आहे. मला लपवायचं काहीच नव्हतं. पण त्याच्या नोंदी मी कधी तपासल्या नव्हत्या. तो दुकानातून दोन तास उशिरा आला तर अम्मी फक्त जेवण झाकून ठेवते.

वाचणाऱ्या मुलींना हे नवं नसेल. म्हणून मुलांना स्पष्ट सांगते: सामायिक कॅलेंडर म्हणजे बहिणीवर नजर ठेवायचं साधन नाही. तिची वेळ तुम्हाला कळते ती दोन कारणांसाठी: त्या वेळेत तिला दुसरं काम सांगू नये, आणि परत यायला उशीर होणार असेल व तिने सांगितलं तर घ्यायला जावं. तिसरं कारण नाही. ज्या घरात हे मान्य होणार नाही, तिथे मुलींनी फोनवर फक्त "व्यस्त" एवढंच दिसेल अशी सोय निवडावी. गूगलच्या कॅलेंडरमध्ये तशी सोय आहे. आम्ही सायबर कॅफेतल्या संगणकावर बसून ती सेटिंग शोधली.

दुसरा प्रयत्न कागदाचा. धाकट्याने दहावीच्या प्रोजेक्टसाठी आणलेला एक मोठा कार्डशीट उरला होता. त्यावर महिन्याचे चौकोन आखले आणि तो स्वयंपाकघरात न लावता पुढच्या खोलीत लावला, जिथे पुरुष बसतात. जागा बदलली तसं बरंच बदललं. स्वयंपाकघरातली भिंत अब्बांनी वर्षानुवर्षं वाचली नव्हती. पुढच्या खोलीतली रोज दिसते. दादीसाठी चित्रं काढली: नळ येणार त्या दिवशी थेंब, सिलिंडर, गोळी, बस. आता तीच सगळ्यांना सकाळी सांगते, "आज थेंब है, टाकी खाली करो."

मग चार गोष्टी ठरल्या. पहिली, ज्याचं काम त्याने स्वतः लिहायचं. आईला सांगून लिहवून घ्यायचं नाही. दुसरी, दर जुम्याच्या नमाजनंतर जेवायला बसताना सगळ्यांनी पुढचे सात दिवस वाचायचे, दहा मिनिटं. अब्बांचाही त्या दिवशी बाजार नसतो. तिसरी, दवाखाना आणि शिक्षण पेनाने लिहायचं, बाकी सगळं पेन्सिलीने. पाहुणे आले म्हणून पेन खोडता येत नाही. चौथी, कागदावर नसलेल्या कामासाठी कुणी कुणाला "लक्षात कसं नाही" असं म्हणायचं नाही.

तिसऱ्या नियमावर वाद झाला. अब्बा म्हणाले, "मेहमान घर आए और लड़की क्लास को जाए, लोग क्या बोलेंगे?" दादी म्हणाली, "बोलने दो. चाय तू बना." अब्बांनी चहा केला. साखर जास्त झाली होती, पण पाहुणे प्यायले.

आमच्याकडे काही जण म्हणाले, हे शहरातल्या लोकांचे चोचले, आपल्यात असं लिहून-बिहून नसतं. मला हे पटत नाही. वेळ सगळ्यांसमोर लिहून ठेवणं आपल्याला नवीन नाही. मशिदीत पाच नमाजांच्या जमातीच्या वेळा बोर्डावर लावलेल्या असतात. इमाम साहेबांच्या डोक्यात असतात असं नाही. कुणालाही, कधीही, न विचारता दिसतात. मग घराच्या वेळा फक्त एका बाईच्या डोक्यात का?

आणि दोन-तीन कालगणना एकत्र सांभाळणं तर या मातीत मुरलेलं आहे. हिजरी वर्ष चंद्राचं, ३५४ किंवा ३५५ दिवसांचं. ते इंग्रजी वर्षापेक्षा साधारण ११ दिवसांनी लहान, म्हणून रमजान कधी मार्चमध्ये येतो, कधी थंडीत, आणि २०३० साली तर जानेवारी आणि डिसेंबर असा एकाच वर्षात दोनदा सुरू होईल. शेतीला असं सरकणारं वर्ष चालत नाही. म्हणून अकबराच्या काळात फसली सन आला. मराठ्यांच्या कागदपत्रांतला शुहूर सन मृग नक्षत्राला सुरू व्हायचा, पण त्याचे आकडे अरबी शब्दांत लिहायचे: मया म्हणजे शंभर, अलफ म्हणजे हजार. पेशव्यांचे कारकून हे रोज लिहीत होते. 'तारीख' हा शब्दच अरबी आहे आणि तो मराठी नाही असं कुणी म्हणणार नाही. आमच्या सैलानी बाबांच्या यात्रेची वेळ ठरते ती होळीच्या पौर्णिमेवरून. होळीला तिथे नारळांची होळी पेटते, मग काही दिवसांनी संदल निघतो. दादी ते उर्दू कॅलेंडरवर शोधत नाही, कालनिर्णयवर बघायला सांगते.

गावाच्या पातळीवरही हेच चालतं. २०२३ मध्ये अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी आली, २८ सप्टेंबरला. महाराष्ट्रात कितीतरी ठिकाणी मुस्लिमांनी जुलूस दुसऱ्या दिवशी काढायचं ठरवलं आणि सरकारने २९ तारखेची सुट्टी जाहीर केली. कुणाचा सण लहान झाला नाही. दोघांनी एकाच कॅलेंडरकडे एकत्र बसून पाहिलं एवढंच. समाज म्हणून जे आपल्याला जमतं ते चार भिंतींच्या आत नवरा-बायकोला, भावा-बहिणीला जमू नये, याला काही कारण नाही.

एक-दोन कामाच्या सूचना. फोनच्या कॅलेंडरमध्ये हिजरी तारीख शेजारी दाखवता येते, पण ती गणिताने काढलेली असते. आपल्याकडे चाँद दिसण्यावर महिना ठरतो, त्यामुळे एक दिवसाचा फरक पडू शकतो. ईद पेन्सिलीनेच लिहा आणि बसचं तिकीट त्या हिशेबाने काढा. दुसरं, आपला दिवस मगरिबला बदलतो आणि फोनचा मध्यरात्री. पहिली तरावीह पहिल्या रोज्याच्या आदल्या रात्री असते. रात्रीचा कार्यक्रम लिहिताना "रविवार रात्र" असं स्पष्ट लिहा, नाहीतर अर्धं घर एक दिवस उशिरा पोहोचतं. आमचं पोहोचलं आहे, एका निकाहच्या दावतीला. भांडी धुणं चाललं होतं.

कागद लावल्याने आमचं घर सुधारलं असं मी म्हणणार नाही. भाई अजून अधूनमधून माझ्या चौकोनाकडे बघून घड्याळाकडे बघतो. अब्बा लिहायला विसरतात. कधी कधी जुम्याची दहा मिनिटं भांडणातच जातात. पण भाचीच्या पुढच्या डोसला भाई स्वतः घेऊन गेला, कुणी न सांगता. त्याने आदल्या रात्री कागद वाचला होता.

अम्मीला लिहायची सवय लागायला सगळ्यात जास्त दिवस गेले. ती सगळ्यांचं लिहायची, स्वतःचा रकाना रिकामा. "मेरा क्या काम है?" म्हणायची. या महिन्याच्या कागदावर पहिल्यांदा तिच्या हाताने, पेनाने, तिरक्या अक्षरात लिहिलं आहे: "शुगर तपासणी. सकाळी ९. उपाशीपोटी." खाली अब्बांनी पेन्सिलीने जोडलं आहे, "मी सोबत जाणार. बाजार नाही."

मी ती पेन्सिल पेनाने गिरवून ठेवली आहे.