हौशी ज्योतिर्विद

'हौशी' या शब्दाला आपल्याकडे उगाच हलकेपणा आला आहे. राधागोविंद चंद्र यांचे चरित्र वाचल्यावर तो मला अन्यायाचा वाटू लागला. १८७८ साली बंगालमधील जेसोर येथे (ते आता बांगलादेशात आहे) जन्मलेले हे गृहस्थ एंट्रन्स परीक्षेत तीन वेळा नापास झाले व सरकारी खजिन्यात नाणी पारखण्याच्या नोकरीस लागले. दिवसा नाणी, रात्री तारे! १९१२ मध्ये त्यांनी विलायतेहून तीन इंची दुर्बीण मागविली आणि पुढे अमेरिकेतील एका निरीक्षक-संस्थेसाठी रूपविकारी तारे पाहू लागले.

असा तारा शेजारच्या स्थिर तेजाच्या ताऱ्यांशी ताडून त्याची प्रत ठरवावयाची आणि वेळेसह टिपून ठेवावयाची, एवढेच हे काम. एका रात्रीच्या नोंदीला फारशी किंमत नसते. वर्षानुवर्षांच्या नोंदी जुळल्या म्हणजेच तेजाचा चढउतार उमगतो. मोठ्या वेधशाळांना एवढ्या ताऱ्यांवर रोज नजर ठेवणे त्या काळी शक्य नव्हते. चंद्रबाबूंनी १९५४ पर्यंत ३७,००० हून अधिक नोंदी पाठविल्या. परीक्षेच्या गुणपत्रिकेत हा गुण कोणत्या रकान्यात मांडावयाचा, हे मला तरी सुचत नाही.

१९२६ साली त्या संस्थेने या दूरदेशीच्या कारकुनाकडे सहा इंची दुर्बीण विश्वासाने धाडली. फाळणीनंतर ते भारतात आले. पुढे ती दुर्बीण वेणू बाप्पू यांच्याकडे गेली; आणखी कोणी तिच्यातून पाहावे म्हणून.