गोंडस पाणमांजराचं पोट

कॅलिफोर्नियात माँटेरेच्या किनाऱ्यावर समुद्री पाणमांजर दिसलं की मुलं हरखून जातात. उताणं तरंगत, पोटावरच्या दगडावर शिंपले आपटून फोडणारा हा प्राणी आहेच लोभस. पण हाच कधीमधी टिबुकली, पाणकावळा, कुरव असे पक्षीही पकडून खातो. रीडमन आणि एस्टिस या शास्त्रज्ञांनी १९८८ साली तशी नोंद केली आहे.

यात दुष्टपणा नाही, साधा हिशोब आहे. सीलसारखा चरबीचा थर याच्या अंगावर नाही. थंड पाण्यात ऊब टिकवायची ती दाट केसांच्या आणि खाण्याच्या जोरावर! रोज वजनाच्या जवळजवळ पाव हिस्सा अन्न लागतं. म्हणजे २४ किलोच्या प्राण्याला ६ किलो. एरवी खेकडे-शिंपल्यांवर भागतं, पक्षी क्वचितच.

तेव्हा त्याच्या तोंडात पक्षी बघून मुलं “शी!” म्हणाली, तर त्यांना पुढची गोष्टही सांगा. याच दाट केसांच्या कातड्यासाठी माणसाने याची इतकी कत्तल केली, की कॅलिफोर्नियातून हा संपलाच असं लोक धरून चालले होते. १९३८ साली बिग सरजवळ सुमारे ५० जणांचा कळप दिसला, तेव्हा सगळे चकित झाले. आज तिथे जवळपास ३,००० आहेत, ते त्या मूठभरांचेच वंशज. तो मारतो ते पोटासाठी; आपण मारलं ते कोटासाठी.