रक्तातली चाहूल

फुप्फुसाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया होऊन रुग्ण घरी येतो, तेव्हा घरातील मंडळींच्या मनात एकच प्रश्न असतो: सगळे निघाले ना? प्रामाणिक शल्यचिकित्सक एवढेच सांगतो, की जे दिसले ते सगळे काढले. जे दिसत नाही त्याविषयी त्यालाही सांगता येत नाही. गाठ पूर्णपणे काढल्यावरही कित्येकांत हा रोग काही महिन्यांनी वा वर्षांनी उलटतो. तोवर ठरल्या मुदतीने सीटी स्कॅन करावयाचे आणि वाट पाहावयाची. या काळात रक्ताची एक नळी काही सांगू शकेल काय, याचा शोध आज शास्त्रज्ञ घेत आहेत.

या शोधाचे मूळ जुने आहे. रक्तद्रवात पेशींबाहेर मोकळी न्यूक्लिइक आम्ले असतात, हे मांदेल व मेते या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १९४८ साली दाखविले. पेशी मरतात, त्यांच्या डीएनएचे तुकडे रक्तात मिसळतात आणि काही तासांत नाहीसे होतात. म्हणून शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांनी गाठीचा डीएनए रक्तात आढळला, तर तो काढलेल्या गाठीचा अवशेष नव्हे. रोगाचे बीज कोठेतरी जिवंत असल्याची ती खूण होय.

ही खूण ओळखावयाची कशी? दोन उत्तरपत्रिकांत बरोबर उत्तरे सारखी असली तर आम्हां शिक्षकांस शंका येत नाही; परंतु एकच चमत्कारिक चूक दोन्हींत दिसली, की नक्कल कोठून झाली ते कळते. प्रत्येक गाठीच्या डीएनएतही तिच्या स्वतःच्या अशा काही चुका असतात. काढलेल्या गाठीवरून त्या टिपून ठेवावयाच्या आणि पुढे रक्तात नेमक्या त्याच शोधावयाच्या.

ब्रिटनमध्ये चार्ल्स स्वाँटन यांच्या नेतृत्वाखाली २०१४ साली सुरू झालेल्या ‘ट्रेसरएक्स’ या अभ्यासात हा मार्ग पडताळून पाहण्यात आला. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत, रोग उलटलेल्या १४ रुग्णांपैकी १३ जणांच्या रक्तात स्कॅनच्या आधी वा त्याच सुमारास खूण सापडली होती. हे अंतर कोणाच्या बाबतीत १० दिवसांचे, तर कोणाच्या बाबतीत जवळजवळ वर्षाचे होते. मधला आकडा ७० दिवसांचा.

हे वाचून हुरळून जाणारांनी २०२३ सालचे आकडेही पाहावेत. त्या वेळी १९७ रुग्णांचे १,०६९ नमुने तपासले गेले. ज्यांचा रोग पुढे उलटला, त्यांपैकी ४९ टक्के रुग्णांतच शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या १२० दिवसांत खूण दिसली. उरलेल्यांचे रक्त त्या मुदतीत मुकेच राहिले. तेव्हा ‘काही आढळले नाही’ असा अहवाल म्हणजे रोगमुक्तीचा दाखला नव्हे. त्याच्या भरवशावर स्कॅन चुकविणे किंवा सुटलेली विडी पुन्हा ओठी लावणे हा आत्मघात ठरेल.

आणि आढळले तर? मोठ्या आतड्याच्या दुसऱ्या टप्प्यातील कर्करोगात अशा चाचणीवरून निर्णय घेतल्यास केमोथेरपी २८ ऐवजी १५ टक्के रुग्णांनाच द्यावी लागते आणि तरीही रोग उलटण्याचे प्रमाण वाढत नाही, असे ऑस्ट्रेलियातील एका चाचणीत २०२२ साली दिसले. फुप्फुसाच्या बाबतीत मात्र केवळ रक्ताच्या अहवालावरून उपचार बदलल्याने आयुष्य वाढते, हे अद्याप सिद्ध झालेले नाही. म्हणून नळीत रक्त घेण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारावे: खूण आढळली तर आपण वेगळे काय करणार आहात? उत्तर स्पष्ट नसेल, तर ते ७० दिवस केवळ धास्तीचे ठरू शकतात.

तथापि हा प्रश्न विचारण्याचा पहिला अधिकार कोणाचा? आपल्या घरांत अहवाल आधी मुलगा वाचतो, मग जावई वाचतो. ज्याचे रक्त त्यास सर्वांच्या शेवटी कळते, कधी कळतच नाही. हेतू मायेचा असतो, हे आम्ही जाणतो. परंतु एखाद्यास त्या ७० दिवसांत नातीचे लग्न पाहावयाचे असेल, कोणाचे देणे फेडावयाचे असेल. एखाद्यास काहीच कळून घ्यावयाचे नसेल. दोन्ही इच्छा तितक्याच मानाच्या आहेत. त्या कोणत्या, हे रक्त सांगत नाही. ते शेजारी बसून रुग्णालाच विचारावे लागते.