वायरची बाजू

हल्ली तेल्हाऱ्यात नवी गाडी घेतली की पहिला प्रश्न, ‘ऑइल ब्रेकची आहे का?’ मायलेज नंतर, किंमत त्याच्याही नंतर. ब्रेक वायरचा आहे असं सांगावं, तर आम्ही थकबाकीदाराकडे पाहतो तसं लोक आपल्याकडे पाहतात.

मी वायरच्या बाजूचा. पास्कलसाहेबांनी सतराव्या शतकात द्रवाच्या दाबाचा नियम सांगितला, त्यांच्याविषयी आदर आहे. दोन बोटांत चाक थांबतं, हेही कबूल. 125 सीसीवरच्या गाड्यांना 2019 पासून एबीएस सक्तीचं आहे. तिथे ऑइलवाचून गत्यंतर नाही. पण घर ते बँक आणि येताना भाजी, एवढ्यासाठी कशाला हा थाट?

वायर म्हणजे छोटा कर्जदार. एकेक धागा तुटतो, लिव्हर सैल पडते, चार दिवस आधी कुरकुर ऐकू येते. ऑइल म्हणजे बडी पार्टी. दिसायला गुळगुळीत, आणि ऐन वसुलीच्या वेळी लिव्हर पार आत जाते, हाती काही लागत नाही! शिवाय ते हवेतला ओलावा पितं. म्हणून दोनेक वर्षांनी बदला, नळीत शिरलेली हवा काढा. करणार कोण? चौकातला मिस्त्री स्वच्छ सांगतो, ‘भाऊ, वायर दहा मिनिटात टाकून देतो. ऑइलचं मले इचारू नोका, अकोल्याले न्या.’

अकोल्याला! ब्रेक नसलेली गाडी घेऊन? आणि त्या रस्त्यानं?