व्हीटीच्या घुमटाखाली आपली जागा कुठे?

सीएसएमटीला उतरल्यावर तुम्ही काय करता? इअरफोन सावरता, मोबाइल घट्ट धरता आणि गर्दीच्या लोंढ्याबरोबर सबवेकडे सुटता. पहिलं लेक्चर गाठायचं असतं, नाहीतर जर्नल सबमिट करायचं असतं. मान वर करून बघायला वेळ आहे कुणाला? तरी एकदा बघाच. कमानींवर, खांबांवर दगडात कोरलेली पानं, फुलं, पक्षी, प्राणी दिसतील. या नक्षीकामातला मोठा वाटा कुणाचा, माहितीये? तुमच्याच वयाच्या पोरांचा. इथून हाकेच्या अंतरावर असलेल्या बॉम्बे स्कूल ऑफ आर्टच्या, म्हणजे आपल्या जेजेच्या विद्यार्थ्यांचा!

तेव्हा हे स्टेशन म्हणजे कुणा राणीची भेट आहे, असं समजू नका. ते या शहराने घडवलंय आणि त्यात कॉलेजच्या मुलांचा हात आहे. आज त्याच्या पुनर्विकासाचं काम हाती घेतलेलं असताना ही गोष्ट आठवायलाच हवी.

थोडं मागे जाऊ. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी सुटली. १४ डबे, सुमारे ४०० पाहुणे आणि जेमतेम ३४ किलोमीटरचा पल्ला. ही रेल्वे आणण्यासाठी धडपडणाऱ्यांत आपले नाना शंकरशेट होते. तेव्हाचं बोरीबंदर स्टेशन अगदी साधं होतं. गाड्या वाढल्या, माल वाढला, ते अपुरं पडू लागलं. मग १८७८ साली फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स या वास्तुविशारदाच्या आराखड्यावर नव्या इमारतीचं काम सुरू झालं. दहा वर्षं लागली आणि सुमारे १६ लाख रुपये खर्च आला. १८८७ मध्ये राणीच्या राज्यारोहणाला ५० वर्षं झाली, म्हणून नाव पडलं व्हिक्टोरिया टर्मिनस. १९९६ मध्ये ते छत्रपती शिवाजी टर्मिनस झालं, २०१७ मध्ये त्यात ‘महाराज’ जोडलं गेलं. तुमच्या आजोबांसाठी मात्र ते अजूनही बोरीबंदर, बाबांसाठी व्हीटी!

‘जुन्याला हात लावू नका’ म्हणणाऱ्यांनी यातली मेख लक्षात घ्यावी. आज जे ‘हेरिटेज’ आहे, ते त्या काळचं मॉडर्नायझेशनच होतं. मुख्य घुमटावर उभी असलेली मूर्ती देवीची नाही, राणीचीही नाही. तिचं नावच मुळी ‘प्रगती’ आहे. हातात मशाल, बाजूला चाक. देशातली पहिली विजेवरची गाडीसुद्धा याच स्टेशनातून ३ फेब्रुवारी १९२५ रोजी कुर्ल्याकडे धावली. बदल या वास्तूला नवा नाही. २००४ मध्ये युनेस्कोने तिला जागतिक वारसा म्हटलं, तेव्हाही इथे लोकल येत-जात होत्याच. ती संग्रहालय झाली नाही आणि होऊही नये.

आता पुढचा बदल. सप्टेंबर २०२२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने नवी दिल्ली, अहमदाबाद आणि सीएसएमटी या तीन स्टेशनांच्या पुनर्विकासाला मंजुरी दिली. तिन्हींचा मिळून अंदाजे खर्च १० हजार कोटी. रुळांच्या वर ऐसपैस रूफ प्लाझा, दुकानं, कॅफेटेरिया, मुलांना खेळायला जागा, दिव्यांगांसाठी सोयी असं ते चित्र आहे. वाचायला मस्त वाटतं. त्याला विरोध करायचं कारणही नाही. पण प्रश्न विचारायचं कारण नक्की आहे.

कारण सुंदर इमारत आणि चांगलं स्टेशन या दोन गोष्टी एक नव्हेत. हा घुमट दिमाखात उभा होता त्याच काळात, १९१७ मध्ये, गांधीजींनी मुंबईहून मद्रासला तिसऱ्या वर्गाने प्रवास केला आणि डब्यातली कोंबाकोंबी, घाण यांवर परखडपणे लिहिलं. शंभर वर्षांनी, २९ सप्टेंबर २०१७ रोजी, एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या अरुंद जिन्यावर चेंगराचेंगरी झाली. वीसहून जास्त माणसं गेली. कामाला निघालेली साधी माणसं होती ती. त्यांना प्लाझा नको होता, जिना चार हात रुंद हवा होता. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री याच सीएसएमटीवर गोळीबार सुरू असताना उद्घोषक विष्णू झेंडे आपल्या केबिनमधून प्रवाशांना बाहेर पडण्याच्या सूचना देत राहिले, त्यामुळे अनेक जण वाचले. स्टेशनात बाहेर पडायची वाट मोकळी असणं किती मोलाचं असतं, हे त्या रात्रीने शिकवलं.

म्हणून नव्या स्टेशनची परीक्षा आपण आपल्या प्रश्नपत्रिकेवर घेऊ या. काहीही विकत न घेता बसता येईल असा बाक तिथे असेल का? रात्री उशिरा क्लासहून परतणाऱ्या मुलीला स्वच्छ स्वच्छतागृह मिळेल का? व्हीलचेअरवरचा मित्र कुणाची मदत न घेता लोकलच्या दारापर्यंत पोहोचेल का? गावाकडच्या गाडीची वाट बघत वळकटी टाकून बसलेल्या कुटुंबाला कुणी ‘उठा इथून’ म्हणणार नाही ना? आणि नवं स्टील-काच उभं राहताना जुना घुमट झाकला जाणार नाही ना?

हे प्रश्न विचारायला आर्किटेक्ट असावं लागत नाही. रोज दोनदा तिथून जाणारा प्रत्येक पासधारक त्यातला जाणकारच असतो. आर्किटेक्चर, सिव्हिल, समाजशास्त्र शिकणाऱ्यांनी तर हे स्टेशन प्रोजेक्टचा विषय करावं. सकाळी दहाला कुठला जिना तुंबतो, कुठल्या फलाटावर पाणी नाही, याची नोंद करा. ती कॉलेजच्या नावानिशी रेल्वे प्रशासनाला पाठवा, त्याचा पाठपुरावा करा. रील पण करा, हरकत नाही. फक्त घुमटासमोरच्या पोझवर थांबू नका.

आणि हो, हक्क मागणाऱ्याने थोडी जबाबदारीही घ्यावी. ज्या भिंतींवर तेव्हाच्या विद्यार्थ्यांनी छिन्नीने पानं-फुलं कोरली, त्यांवर आपण किल्लीने नावं आणि बदाम कोरायचे का? त्या पोरांची नावं आज आपल्याला ठाऊक नाहीत, पण त्यांचं काम अजून टिकून आहे. उद्या सीएसएमटीवर उतरलात की दोन मिनिटं थांबा आणि ते बघा. लेक्चरला उशीर झाला तर सरांना खरं कारण सांगा.