पॅरामेडिकलची फी भरण्याआधी तीन प्रश्न विचारा

बारावीचा निकाल लागला की मोहल्ल्यामोहल्ल्यांत फलक लागतात. ‘सहा महिन्यांत लॅब टेक्निशियन’, ‘एका वर्षात नर्सिंग, नोकरीची हमी’. फी हप्त्याने, क्लास घराजवळ. मुलीला लांब पाठवायला नको म्हणून आईवडीलही खूश. आम्ही शिक्षक दरवर्षी हे पाहतो.

आमच्या एका विद्यार्थिनीच्या अब्बांनी रिक्षा चालवून, वर उसने पैसे घेऊन अशाच एका संस्थेची फी भरली. वर्षभराने प्रमाणपत्र मिळालं. सरकारी भरतीत कागदपत्रं तपासताना विचारलं गेलं, “कौन्सिलची नोंदणी कुठे आहे?” नोंदणी नव्हती आणि होणारही नव्हती. आज ती एका लॅबमध्ये तुटपुंज्या पगारावर काम करते. तिला वेळेवर सांगितलं नाही, ही चूक आमचीही आहे.

कायदा काय म्हणतो ते पाहू. लॅब, एक्स-रे, डायलिसिस, ऑपरेशन थिएटर, फिजिओथेरपी अशा व्यवसायांसाठी संसदेने २०२१ मध्ये राष्ट्रीय सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायदा केला. त्यानुसार या क्षेत्रातल्या डिप्लोमाला किमान २००० तासांचं शिक्षण लागतं, तेही दोन ते चार वर्षांत. दिवसाला सहा तास धरले तरी ३३३ दिवस होतात. सहा महिन्यांत हे बसणार कसं? या कायद्याखालचे अभ्यासक्रम दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने शिकवायलाही यूजीसीने २०२५ मध्ये मनाई केली. कारण साधं आहे. रक्तगट चुकीचा लिहिला गेला तर पेशंटचा जीव जातो. हे काम हाताखाली शिकावं लागतं.

नर्सिंगचा कायदा वेगळा आहे. एएनएम दोन वर्षांचं, जीएनएम तीन, बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचं. ‘एका वर्षाची नर्स’ कायद्यात नाहीच. बीएस्सीला बारावीत फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी लागतं. जीएनएमला मात्र सायन्सची सक्ती नाही, इंग्रजीसह बारावीत ४० टक्के पुरतात. आर्ट्सच्या मुलींच्या घरी ही गोष्ट बऱ्याचदा माहीतच नसते.

मग फलकवाल्यांकडे गर्दी का? खऱ्या कोर्सला हॉस्टेल आलं, वॉर्डातली ड्युटी आली, रात्रपाळी आली. तिथे घरचे अडतात. आम्हीही मुलींचे आईबाप आहोत, ही काळजी आम्हाला कळते. पण बाळंतपणाला आपल्याला नर्स बाईच हवी, सोनोग्राफीलाही बाईच हवी. आपली मुलगी तेवढी रात्रपाळीला नको. मग ही बाई येणार कुठून? हॉस्टेल पाहून या, वॉर्डनला भेटा, आधीच्या मुलींशी बोला. काळजीचा इलाज चौकशी आहे. घराजवळचं बनावट प्रमाणपत्र हा इलाज नाही.

फी भरण्याआधी तीन प्रश्न विचारा. या कोर्सनंतर कोणत्या कौन्सिलमध्ये नोंदणी होते? प्रात्यक्षिक कोणत्या हॉस्पिटलमध्ये, किती तास? परीक्षा कोणतं विद्यापीठ किंवा मंडळ घेतं? उत्तरं तोंडी नकोत, लेखी घ्या आणि त्या कौन्सिलच्या वेबसाइटवर स्वतः पडताळून पाहा. जमत नसेल तर मुलीच्या शाळेत या. आम्ही शिक्षक बसून पाहू. पैसे गेले तर पुन्हा कमावता येतात, मुलीची दोन वर्षं परत मिळत नाहीत.