निकाल अकलेचा नव्हे, भाषेचा

परदेशी विद्यार्थी एम.बी.ए.च्या अर्थशास्त्रात मागे पडला की त्याची अक्कल कमी, असा शिक्का मारला जातो. आम्हास हे मान्य नाही. त्याला एकाच तासात तीन गोष्टी शिकाव्या लागतात: परकी भाषा, आलेखांचे गणित आणि त्या देशाचा बाजार. उदाहरणे तिथल्याच बँकांची व करांची असतात. त्याचा निम्मा वेळ प्रश्न समजण्यातच जातो.

वाचकहो, हा प्रश्न दूरचा नाही. किनवटचा उर्दू माध्यमाचा मुलगा कॉमर्ससाठी नांदेड-पुण्याला गेला की तोही परदेशीच ठरतो. शाळेत 'तलब' व 'रसद', बाजारात मागणी व पुरवठा, पुस्तकात डिमांड आणि सप्लाय. माल एकच, लेबले तीन! भाव चढला तरी लग्नाच्या शालूचे गिऱ्हाईक हटत नाही. चादर थोडी महागली की ते शेजारच्या दुकानात जाते. कापडवाल्याच्या मुलास हे ठाऊक असते. यालाच मागणीची लवचिकता म्हणतात, एवढे सांगणारा कोणी हवा.

हे काम आपल्या भागात पूर्वी झाले आहे. किनवट निजामाच्या राज्यात असताना, 1918 साली हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ सुरू झाले. तेथे अर्थशास्त्र उर्दूतून शिकवीत आणि दारुल तर्जुमा त्यासाठी शब्द घडवी. इंग्रजी हा विषयही सक्तीचा होता. म्हणजे विषय आपल्या भाषेत पक्का, आणि जगाची भाषाही सोबत.

दुसरी गोष्ट सवडीची. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1913 मध्ये बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले आणि 1915 मध्ये एम.ए. झाले. पुढे लंडनमध्ये शिकत असता शिष्यवृत्तीची मुदत संपली व 1917 मध्ये त्यांना परतावे लागले. 1920 मध्ये ते पुन्हा गेले आणि 1923 मध्ये रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधावर डी.एस्सी. मिळवली. एवढ्या विद्वानाचे शिक्षणही पैशाअभावी अडले, तर आपल्या मुलास पहिल्या सत्रात कमी गुण मिळाले म्हणून त्याला गल्ल्यावर बसवणे हा कुठला न्याय?

कॉलेजांनी पहिल्या सत्राआधी महिनाभर तयारीचा वर्ग घ्यावा आणि तिन्ही भाषांतील शब्दांची यादी हाती द्यावी. व्यापारी बांधवांनी सुट्टीत मुलास खरेदीची बिले व उधारीची वही दाखवून पुस्तकातला धडा समजावून घ्यावा. नवा ताका एका हंगामात खपला नाही म्हणून आपण दुकान बंद करीत नाही. मग मुलाचे शिक्षण एका निकालावर का बंद करावे?